मॅनेजरला नारळ, वर पगारही अडकवलेला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही ९ वर्षं ४ महिने होतात, त्यातली शेवटची ५ वर्षं प्रॉडक्शन मॅनेजर. शुक्रवारी, १६ जानेवारी २०२६ ला संध्याकाळी एचआरने केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. तुम्ही सही केली नाहीत. दोन तासांत कंपनीचा ईमेल बंद झाला आणि तुमच्या खाजगी पत्त्यावर पत्र आलं: ‘व्यवस्थापनाचा विश्वास उडाल्यामुळे’ सेवा तत्काळ समाप्त. करारात ३ महिन्यांची नोटीस किंवा तिच्याबदली पगार असं कलम आहे. तुम्हाला दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही. डिसेंबरचा पगार आधीच थांबवलेला, जानेवारीचे १६ दिवस बाकी, ग्रॅच्युइटी बाकी. विचारलं तर म्हणतात, स्टॉकमध्ये ७ लाखांची तफावत आहे, ती वळती केल्याशिवाय एफएनएफ (फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब) होणार नाही. मात्र राजीनामा पाठवलात तर ‘बघू’. मित्र सांगतात, लेबर कोर्टात जा, कामावर परत घ्यावंच लागेल.

मित्रांचा सल्ला मनापासूनचा असेल, पण चुकीचा आहे. तुमची इथे दोन वेगवेगळी भांडणं आहेत. एक नोकरीचं, दुसरं पैशाचं. नोकरीच्या भांडणात मॅनेजरचा हात कच्चा असतो, पैशाच्या भांडणात पक्का. माझ्याकडे येणारे बहुतेक मॅनेजर हे उलटं धरून येतात: अपमान जिव्हारी लागलेला असतो, म्हणून नोकरीसाठी तलवार उपसतात आणि पैशांच्या बाबतीत ‘देतील हो, कुठे जातात’ म्हणून थांबतात. दोन वर्षांनी हातात दोन्ही नसतं.

मी आधी १४ वर्षं पर्सोनेलमध्ये, म्हणजे आजच्या एचआरमध्ये काढली, नंतर वकिलीची सनद घेतली. ती केबिन मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही माहीत आहे. शुक्रवारची संध्याकाळ मुद्दाम निवडतात, म्हणजे माणसाला शनिवार-रविवार वकील सापडत नाही. राजीनामा आधीच टाइप केलेला असतो, कारण माणूस स्वतःच्या हाताने लिहायला लागला की विचार करायला लागतो. असे कागद मीही पुढे सरकवले आहेत, ते आज इथे लपवत नाही. तुम्ही सही केली नाहीत हे फार चांगलं झालं. ज्यांनी घाबरून केली असेल त्यांनी त्याच रात्री ईमेल करावा: दबावाखाली सही घेतली, राजीनामा मागे घेत आहे. राजीनामा पक्का स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं. तो सरकारी उपक्रम होता, खाजगी कंपनीत इतका भक्कम आधार मिळत नाही, पण त्या रात्रीचा ईमेल पुढे वाटाघाटीत फार कामाला येतो. आठ दिवसांनी केलेला तितका येत नाही.

आता नोकरीचं. लेबर कोर्टाचा रस्ता ‘वर्कमन’साठी आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तसं होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही, शब्द बदलून ‘वर्कर’ झाला तरी, तसंच आहे. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा त्यातून बाहेर. सुपरवायझर असेल आणि पगार महिना १८,००० च्या वर असेल तरी बाहेर. जुन्या कायद्यात हा आकडा १०,००० होता. महाराष्ट्रात कामगार ज्याच्या जोरावर ‘यूएलपी’ (अनुचित कामगार प्रथांची तक्रार) टाकत आले त्या १९७१ च्या कायद्याचं दारही याच व्याख्येपाशी अडतं.

पण इथे एक गोम आहे, आणि ती तपासल्याशिवाय मी कोणालाच ‘तुमचं काही होणार नाही’ असं सांगत नाही. कोर्ट हुद्दा बघत नाही, काम बघतं. नावापुढे ‘मॅनेजर’ लावून आठ तास ड्रॉइंग काढणारा, कोड लिहिणारा, मशीन लावणारा माणूस तांत्रिक काम करतो. आणि तांत्रिक किंवा कुशल कामाला पगाराची मर्यादाच नाही. दोन लाख पगार असला तरी तो वर्कर ठरू शकतो. १९८५ मध्ये सिबा-गायगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रुप लीडर’ म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला वर्कमन मानलं, कारण त्याच्या दिवसभरातलं मुख्य काम कारकुनी होतं. उलट १९९४ मध्ये करोना साहू या बुटांच्या कंपनीच्या दुकानाचा प्रमुख वर्कमन नाही असं ठरलं, कारण दुकान खऱ्या अर्थाने तोच चालवत होता. म्हणून स्वतःला विचारा: माझ्या सहीने कोणाची रजा मंजूर व्हायची का? माणूस घेण्यात, काढण्यात, इन्क्रिमेंट ठरवण्यात माझं मत मोजलं जायचं का? खर्चाला मंजुरी देता यायची का? तुम्ही लिहिलंय की तीन शिफ्टचे ११० लोक तुमच्याखाली होते आणि त्यांची अप्रेझल तुम्ही करायचात. मग तुम्ही खरोखरच मॅनेजर आहात. वर्कर असल्याचं नाटक करून अर्ज टाकलात तर कंपनीचा वकील तुमच्याच सहीची शेकडो कागदपत्रं समोर ठेवेल, आणि पहिली काही वर्षं फक्त ‘हा वर्कर आहे का’ याच मुद्द्यावर जातील.

मग मॅनेजरला उरतो तो नोकरीचा करार. आपल्याकडे विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ प्रमाणे वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. मालकाच्या गळ्यात नको असलेला मॅनेजर बांधता येत नाही, सरळ भाषेत. काढणं चुकीचं होतं हे सिद्ध झालं तरी मिळते ती नुकसानभरपाई, आणि करारात नोटिशीचं कलम असेल तर ती बहुधा तेवढ्या नोटिशीच्या पगारापुरती. ‘विश्वास उडाला’ हे कारण खोटं आहे हे सिद्ध करायला तुम्ही चार वर्षं तारखा घालवल्यात, तरी शेवटी हिशेब ३ महिन्यांपाशीच येऊन थांबण्याची शक्यता जास्त. याला अपवाद आहेत. सरकारी कंपनी, महामंडळ, कायद्याने स्थापन झालेली संस्था असेल तर उच्च न्यायालयात रिट करता येतं. गरोदरपणात किंवा प्रसूतीच्या रजेवर असताना स्त्रीला काढलं असेल तर तिचं संरक्षण हुद्द्यावर अवलंबून नाही, मॅनेजर असो वा आणखी कोणी. तुम्ही यात बसत नाही. म्हणून नोकरी सोडून द्या, मनातूनसुद्धा. हे ऐकायला कडू आहे, माहीत आहे.

पैशांकडे येऊ. इथे गेल्या वर्षी एक मोठी गोष्ट बदलली आणि अजून पुष्कळ एचआरवाल्यांच्याही ती अंगवळणी पडलेली नाही. जुन्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचं संरक्षण महिना २४,००० पर्यंतच्या पगाराला होतं. त्यावरच्या मॅनेजरला पगारासाठीसुद्धा दिवाणी कोर्ट गाठावं लागायचं. वेतन संहिता, २०१९ मध्ये ती मर्यादा नाही, आणि ‘एम्प्लॉयी’च्या व्याख्येत व्यवस्थापकीय काम करणारे स्पष्ट शब्दांत घातले आहेत. म्हणजे तुम्ही एका संहितेत ‘वर्कर’ नाही, पण दुसरीत ‘एम्प्लॉयी’ आहात. तुमची सगळी केस या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे.

या संहितेप्रमाणे माणसाला काढलं, त्याने राजीनामा दिला किंवा कंपनी बंद पडली, तर त्याचं वेतन कामकाजाच्या २ दिवसांत द्यायचं असतं. तुम्हाला शुक्रवारी काढलं. कारखान्याची सुट्टी धरली तरी पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच मुदत संपली. ‘आमची एफएनएफची पॉलिसी ४५ दिवसांची आहे’ हे वाक्य तुम्हाला ऐकवतील. कंपनीची पॉलिसी कायद्याच्या वर नसते.

हिशेब कागदावर मांडा, एकेक रक्कम सुटी. तुमचा महिन्याचा ग्रॉस १,४०,००० आहे. डिसेंबरचे १,४०,००० आणि जानेवारीच्या १६ दिवसांचे सुमारे ७२,२५० मिळून २,१२,२५० झाले. हे निखळ वेतन, यावर वाद नाही. नोटीस पे ग्रॉसवर धरला तर ४,२०,०००. मात्र अपॉइंटमेंट लेटर काढून नीट वाचा, कारण कित्येक करारांत ‘बेसिक’ असा शब्द हळूच बसवलेला असतो. (गंमत म्हणजे त्याच कंपन्या कोणी नोटीस न देता सोडून गेला की वसुली ग्रॉसवर करतात.) शिल्लक रजेचे पैसे कंपनीच्या नियमाप्रमाणे.

ग्रॅच्युइटीत तुमच्यासारख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. सूत्र तेच जुनं: शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण वर्षं. तुमची वर्षं ९. वरचे ४ महिने सहापेक्षा कमी म्हणून सुटतात. कंपनी तुमचं बेसिक ५६,००० धरून सुमारे २,९०,७७० काढेल. पण नव्या संहितांमध्ये वेतनाची व्याख्या अशी आहे की घरभाडे वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग परत वेतनात मिळवायचा. १,४०,००० चे निम्मे ७०,०००. त्यावर ग्रॅच्युइटी येते सुमारे ३,६३,४६०. फरक ७२,००० च्या वर. तुमच्या स्लिपवरची भत्त्यांची फोड बघून आकडा थोडा हलेल, पण बेसिक कमी दाखवून ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती आता पूर्वीसारखी चालत नाही. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट.

आता ते ७ लाख. घोडं इथेच अडवलंय, आणि मला हा मुद्दा कंपनीच्या बाजूने फार पोकळ वाटतो. नुकसानीपोटी पगारातून कपात करायची असेल तर ते नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं असलं पाहिजे, आणि कपातीआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी दिली गेली पाहिजे. शो-कॉज (कारणे दाखवा नोटीस) आली का? नाही. स्टॉक मोजला तेव्हा तुम्हाला बोलावलं का? नाही. शिवाय प्रॉडक्शन मॅनेजरकडे स्टोअरच्या किल्ल्या नसतात. स्टोअर वेगळ्या माणसाच्या ताब्यात, नोंद ईआरपीत (कंपनीच्या संगणक प्रणालीत), ती बदलण्याचे हक्क आणखी तिसऱ्याकडे. आणि सगळं खरं मानलं तरी एका वेतनकाळातल्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत. पगार शून्य करण्याची तरतूदच नाही. ग्रॅच्युइटीसुद्धा अशी बोटाच्या इशाऱ्यावर जप्त होत नाही: नुकसान करणाऱ्या कृत्यासाठीच काढलं असेल तर त्या नुकसानीपुरती, आणि तुमच्या पत्रात तर नुकसानीचा उल्लेखच नाही. ‘विश्वास उडाला’ एवढंच आहे. तफावत त्यांना नंतर सुचली आहे. हे पत्र जपून ठेवा. घाईघाईत लिहिलेलं आहे आणि तुमच्या बाजूने बोलतं.

तर करायचं काय. या आठवड्यात एकच पत्र लिहा, ईमेलने आणि पोहोचपावतीसह स्पीड पोस्टाने, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, संचालकांच्या नावे. त्यात राग नको, प्लांट हेडच्या स्वभावाचं वर्णन नको, ‘माझ्या नऊ वर्षांच्या घामाचं हेच फळ का’ तर मुळीच नको. पहिला मसुदा लोक रात्री बारा वाजता लिहितात आणि त्यात हेच सगळं असतं; तो लिहा आणि फाडून टाका. पाठवायच्या पत्रात असावं: अमुक तारखेला सेवा समाप्त केली, पत्रातलं कारण मला मान्य नाही, त्याबाबतचे हक्क राखून ठेवतो, देय रकमा अशा, तक्त्यात, तफावतीचा आरोप पहिल्यांदा अमुक दिवशी फोनवर ऐकला, त्याची स्टॉकशीट, मोजणीचा अहवाल आणि माझ्यावर जबाबदारी टाकणारा कागद द्यावा, ७ दिवसांत पैसे न मिळाल्यास वेतन संहितेखाली अर्ज करेन. दीड पान पुरतं. अशा पत्रानंतर बऱ्याच वेळा कंपनीचा फोन येतो, कारण ते आता एचआरच्या टेबलावरून त्यांच्या वकिलाकडे जातं आणि वकील हिशेब मांडतो.

फोन आला तर बोला, मात्र नंतर लगेच ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा ईमेल टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, रेकॉर्ड झालेले कॉल ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका, रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, बँकेचं स्टेटमेंट गोळा करा. एक करू नका: ओळखीच्या आयटीवाल्याकडून कंपनीचा डेटा काढून घेणं. ३ लाखांच्या दाव्यासाठी डेटाचोरीची फिर्याद ओढवून घेतलेला माणूस मी पाहिलाय.

पैसे आले नाहीत तर रकमेप्रमाणे दार वेगळं. निखळ वेतनासाठी वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज. मुदत ३ वर्षांची. इथली मोठी सोय म्हणजे पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही प्राधिकाऱ्याला आहे. पण तो अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे, तेव्हा दहापटीची स्वप्नं बघून कर्ज काढू नका. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा, तिच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे. दोन्हीसाठी सुरुवात कामगार आयुक्तालयातून करा आणि सध्या कोणत्या टेबलावर अर्ज घेतात ते विचारून जा, नव्या संहितांची घडी अजून बसते आहे. नोटीस पे आणि व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा बदलता पगार) मात्र ‘वेतनात येतं का’ या वादात सापडतात. अर्जात मागा, पण ते अखेर दिवाणी कोर्टात न्यावं लागेल अशी तयारी ठेवा. करार लेखी आणि रक्कम ठरलेली असल्याने समरी सूट (संक्षिप्त दावा) टाकता येतो, तो नेहमीच्या दाव्यापेक्षा लवकर हलतो.

दोन सल्ले तुम्हाला नक्की मिळतील. पहिला, ‘एनसीएलटीची (कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या न्यायाधिकरणाची) नोटीस पाठव, मालक पळत येईल’. पूर्वी १ लाखाच्या थकबाकीवर हे चालायचं आणि मीही ते केलंय. मार्च २०२० मध्ये ती मर्यादा १ कोटी झाली. तुमच्या १० लाखांसाठी तशी नोटीस गेली तर त्यांचा वकील हसेल. दुसरा, ‘पोलिसांत जा’. पगार थकवणं ही सहसा दिवाणी बाब आहे, चौकीत तुम्हाला बसवून ठेवतील. मात्र पीएफचं पासबुक आजच तपासा. स्लिपवर पीएफ कापलाय आणि खात्यात भरलेला नाही असं निघालं, तर तो गुन्हेगारी विश्वासघात ठरतो आणि मग मालकाच्या आवाजात फरक पडतो. त्याच बैठकीत इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर टीडीएस जमा झालाय का तेही बघून घ्या.

राजीनाम्याचं आमिष राहिलं. तो द्यायचाच नाही असं मी म्हणणार नाही. पुढच्या नोकरीच्या पडताळणीत ‘टर्मिनेटेड’पेक्षा ‘रिझाइन्ड’ बरं दिसतं. पण तो फुकट देऊ नका, आणि आधी तर नाहीच. आज राजीनामा पाठवलात की नोटिशीच्या पगाराची मागणी तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलीत. उलट तेच तुमच्याकडून ३ महिन्यांची नोटीस मागतील. राजीनामा, टर्मिनेशन मागे घेतल्याचं पत्र, रिलिव्हिंग लेटर, ठरलेल्या मजकुराचं अनुभव प्रमाणपत्र आणि पैसे हे सगळं एका टेबलावर, एका दिवशी. हप्ते मागितले तर पुढच्या तारखांचे चेक घ्या. न वटलेल्या चेकचा १३८ चा खटला मालकाला पगाराच्या दाव्यापेक्षा जास्त टोचतो; फक्त चेक परत आल्यावर ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ‘माझं काहीही येणं नाही’ या कागदावर पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही नाही. अर्धेच दिले आणि सही मागितली तर रकमेखाली ‘हक्क राखून स्वीकारले’ लिहा. ते चिडतील. चिडू द्या.

किती घेऊन मिटवावं? माझा अंदाज: वेतन आणि ग्रॅच्युइटी एक पैसा न सोडता, नोटीस पे मध्ये घासाघीस करायला हरकत नाही. ३ महिन्यांऐवजी २ महिने आणि स्वच्छ रिलिव्हिंग लेटर मिळत असेल तर माझ्या अशिलाला मी घे म्हणतो.

आणि लॅपटॉप. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप आणि कंपनीची गाडी अजून तुमच्याकडे आहे, ‘पैसे दिल्याशिवाय देणार नाही’. ते उद्या सकाळी परत करा. कंपनी कायदा, २०१३ मध्ये कलम ४५२ आहे, कंपनीची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणाऱ्या माणसाला फौजदारी कोर्टात खेचता येतं आणि दंड १ लाखापासून सुरू होतो. वस्तूंची यादी दोन प्रतींत करा, गाडीचं रीडिंग आणि लॅपटॉपचा क्रमांक टाका, फोटो काढा, सिक्युरिटीवाल्याची नव्हे तर अ‍ॅडमिनच्या माणसाची सही घ्या. सही देत नसतील तर गेटवरूनच, तिथे उभं राहून, यादी आणि फोटो ईमेल करा, आणि मग गाडीची किल्ली द्या.